हलकी, आटोपशीर रायफल घ्यायचीय? आधी हे वाचा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, "छोटी, हलकी, हातात मावेल अशी रायफल कुठली घेऊ, जरा नेमबाजी करायची होती आणि जमलं तर रानातही फिरायला होईल." त्यावर लोक लगेच मॉडेलची नावं सांगायला लागतात, कोण म्हणतं ही घे, कोण म्हणतं ती घे, मी हलकी घेतलीय एकदम भारी आहे. पण मला वाटतं नावं नंतर, त्याआधी एकच गोष्ट ठरवायची, की ही रायफल तुम्ही जास्त वेळ खांद्यावर वागवणार आहात की जास्त वेळ तिने नेम मारणार आहात. बाकी सगळं यावरून ठरतं, वजन, नळीची लांबी, दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग), दुर्बीण, पैसे, सगळं.

ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तिथली हलकी शिकारी रायफल कशी बनवतात ते बघा. माणूस दिवसभर डोंगर चढतो उतरतो आणि दिवसाकाठी एखादा बार काढतो, कधी तोही नाही. म्हणून नळी बारीक, दस्ता प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा, सगळं मिळून अडीच-तीन किलो. अमेरिकेत १९६४ पासून बनणारी रुगर टेन ट्वेंटी-टू ही पॉइंट टू-टूची (म्हणजे नळीचं भोक ०.२२ इंचाचं) छोटी रायफल साधारण सव्वादोन-अडीच किलोचीच आहे आणि लोक तिच्यावर जीव टाकतात ते याचमुळे. पण मोठ्या काडतुसाच्या बारीक नळीची एक गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही, ती पटकन तापते. पहिले दोन-तीन बार बरोबर जागी जातात, मग नळी तापली की गोळ्या हळूहळू पसरायला लागतात. शिकाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, त्याला पहिला बारच महत्त्वाचा.

नेमबाजाचं गणित बरोबर उलटं. दहा मीटर एअर रायफलच्या (दारूऐवजी दाबलेल्या हवेने शिशाचा छर्रा सोडते ती) स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे असतात, आणि १० गुणांचा जो मधला ठिपका असतो तो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते आणि चांगले नेमबाज साडेचार-पाच किलोची मुद्दाम घेतात. का, तर जड वस्तू हातात कमी हलते. तुमचा श्वास, छातीची धडधड, बोटाचा धक्का, हे सगळं रायफलला हलवत असतं, आणि रायफल जितकी हलकी तितकी ती या प्रत्येक हालचालीला लगेच दाद देते. दुकानात हलकी रायफल खांद्याला लावली की पहिल्या मिनिटाला मस्तच वाटतं, पण विसाव्या छर्‍याला तिचं टोक टार्गेटवर नुसतं नाचत असतं.

आणि धक्का. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते, दोघांचा संवेग (वजन गुणिले वेग) सारखाच असतो, म्हणून रायफल अर्ध्या वजनाची झाली की तिचा मागे यायचा वेग दुप्पट. पॉइंट टू-टूमध्ये हे जाणवत नाही कारण गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. पण आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची पॉइंट ३१५ किंवा त्याहून मोठं काडतूस असलेली रायफल हलकी करून घेतली तर खांदा चांगला शेकून निघतो, आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस चाप ओढायच्या आधीच दचकायला लागतो. ही दचकायची सवय एकदा लागली की मोडायला फार दिवस जातात.

आता रानातलं बोलू, कारण कोकणात राहून हा विषय टाळून चालणार नाही. शिमग्याला पारधीची रीत कित्येक गावांत होती, घरटी एक ठासणीची बंदूक असायची, म्हातारी माणसं हाक्याच्या गोष्टी अजून सांगतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि बंद म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, फासा लावणं, नुसता प्रयत्न करणं हेही त्यात येतं. ससा, भेकर, साळिंदर, रानकोंबडा, यातलं काही चालत नाही. एअरगन आहे, लायसन लागत नाही, मग कवडा मारला तर काय, असं पोरं विचारतात. गुन्हाच आहे, हत्यार कुठलं होतं त्याने फरक पडत नाही.

रानडुकराने रात्रीत भाताचं शेत लोळवलं, माकडांनी नारळाची कोवळी बोंडं खाली पाडली, की शेतकर्‍याच्या पोटात जे तुटतं ते मला माहितीय, मी त्याच मातीतला आहे आणि या लोकांना कोणी शिकारी म्हणून हिणवू नये असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी कायद्यात वाट आहे, कलम ११ खाली उभ्या पिकाचं नुकसान करणार्‍या ठरावीक प्राण्याबद्दल वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि नुकसानभरपाईचा अर्जही वनखात्याकडेच करायचा. पण ती परवानगी हातात नसताना कोणी रायफल घेऊन रानात शिरला तर तो शेतकरी म्हणून नाही, आरोपी म्हणून बाहेर येतो. शिवाय शेतीसंरक्षणासाठी ज्या बंदुकीचं लायसन मिळतं ती मुळात रायफल नसतेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. गुळगुळीत नळी म्हणजे आतून आटे नसलेली. रायफलच्या नळीत आत पिळाचे आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि लांब जाते.

लांब म्हणजे किती, तर पॉइंट टू-टूची एवढीशी गोळी नळी वर करून सोडली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आपल्याकडे वाड्या कशा आहेत बघा, माडाच्या बागेमागे घर, घरामागे पाणंद, पाणंदीच्या पलीकडे कोणीतरी लाकडं गोळा करतंय, झाडीमुळे काहीच दिसत नाही. इथे मोकळ्यावर पॉइंट टू-टू चालवायला जागाच नाही, ती फक्त रेंजवर.

म्हणून कोकणातल्या माणसाने हलकी रायफल घ्यायची ती नेमबाजीसाठी, आणि सुरुवात एअर रायफलने. कायदा इथे सोपा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअरगनचा बोअर, म्हणजे नळीचं भोक, पॉइंट १७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि ताकद २० जूलपेक्षा (जूल हे ऊर्जेचं माप) जास्त नाही तिला लायसन लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. पॉइंट टू-टूची एअरगन कितीही कमी ताकदीची असली तरी तिला लायसन लागतं, ऑनलाईन कोणी काहीही सांगो. दुकानदार ओळखपत्राची कॉपी मागतो ती द्यायची, आणि पक्कं बिल घेऊन नीट जपून ठेवायचं, प्रवासात कोणी अडवलं तर तेच कामाला येतं.

आता वेगाचे आकडे. जाहिरातीत हजार फूट प्रतिसेकंद असं मोठ्या अक्षरात असतं आणि माणूस भुलतो. हिशोब करून बघा. हजार फूट म्हणजे साधारण ३०५ मीटर. नेहमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या जरासा वर, ०.५३ ग्रॅमचा असतो, तो खरंच त्या वेगाने गेला तर ताकद २४-२५ जूल होते, म्हणजे बिनलायसनी मर्यादेच्या बाहेर. मग कंपनी आकडा कसा छापते, तर ०.४ ग्रॅमचा हलका छर्रा घालून मोजते, तेव्हा साडेअठरा जूल होतात आणि आकडाही छान दिसतो. तुम्ही चांगला छर्रा घातलात की वेग आपोआप खाली येतो, आणि ते चांगलंच आहे, कारण आवाजाचा वेग साधारण ३४५ मीटर, त्याच्या जवळ गेलं की एअरगनचा छर्रा डगमगायला लागतो आणि नेम बिघडतो. ऑलिंपिकच्या एअर रायफली १७०-१७५ मीटरच्या वेगाने छर्रा सोडतात, म्हणजे जेमतेम आठ जूल, आणि अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड मिळवलं ते अशाच रायफलने. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही, एकाच जागी परत परत भोक पाडायला रायफल चांगली लागते.

प्रकार तीन-चार आहेत. स्प्रिंगची, जी नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून भरतात, ती सगळ्यात स्वस्त आणि साधी. गॅस रॅम म्हणजे तीच रचना, फक्त स्प्रिंगच्या जागी बंद नळकांड्यात दाबलेला वायू. मग पीसीपी, तिच्यात टाकी असते, आधीच दाबून हवा भरायची आणि मग कितीतरी छर्रे मारायचे. आणि सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साईडच्या छोट्या कॅप्सूलवर चालणारी, पण तिचा दाब हवेच्या गरमीप्रमाणे बदलतो, एप्रिलच्या दुपारी वेगळी चालते आणि पावसात वेगळी, म्हणून शिकायला मला ती पसंत नाही.

आटोपशीर हवी म्हणणार्‍यांची खरी गल्लत स्प्रिंगच्या रायफलीत होते. छोटी नळी म्हणजे सोपी रायफल असं वाटतं ना, पण इथे नळी हीच भरायची दांडी असते, ती आखूड केली की ओढायला जोर जास्त लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी बापाने हौसेने आखूड नळीची पण तगड्या स्प्रिंगची रायफल आणायची आणि मुलाला ती मोडताच येऊ नये, हे बघायला फार वाईट वाटतं. छर्‍याला वेग मिळायला तेवढी लांब नळी लागत नाही हे खरं, स्प्रिंगच्या एअरगनमध्ये सगळा वेग पहिल्या फूटभरातच मिळून जातो, पण हाताला ती लांबी लागते. म्हणून छोट्या मुलासाठी कमी ताकदीची स्प्रिंग घ्या, दोन-अडीच किलोची, आणि दुकानातच त्याला दहा-बारा वेळा मोडून भरायला लावा. शेवटच्या वेळेला तोंड वाकडं झालं तर ती त्याची रायफल नाही. (खरेदी आणि जबाबदारी मोठ्या माणसाच्या नावावर हे सांगायला नको, आणि भरताना नळी एका हाताने घट्ट धरूनच छर्रा घालायचा, ती सटकून वर आली तर बोट तुटतं.)

स्प्रिंगच्या रायफलीचं अजून एक. तिचा धक्का दोनदा बसतो, आधी मागे आणि मग पिस्टन पुढे आदळला की पुढे, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत चालू असतं. त्यामुळे ती आवळून धरली की नेम चुकतो. पुढचा हात नुसता आधाराला, तळहातावर रायफल ठेवायची, बोटं मिटायची नाहीत, खांद्यालाही घट्ट दाबायची नाही, आणि दर वेळेला हात त्याच जागी. हलकी आणि ताकदवान स्प्रिंग रायफल या बाबतीत सगळ्यात लहरी, तीन-साडेतीन किलोची, मध्यम ताकदीची असेल तर जास्त समजूतदार.

पीसीपीला हा धक्का जवळपास नाहीच, आणि ती छोटी बनवता येते, बुलपप प्रकारात तर चाप पुढे आणि यंत्रणा गालाखाली असल्याने पूर्ण लांबीची नळी असूनही रायफल हातभर कमी वाटते. पण हवा भरायचं काय. हातपंपाने २०० बार दाबापर्यंत (इथे बार म्हणजे दाबाचं माप) भरताना घाम निघतो, आणि कोकणात हवेतच पाणी, ते पंपातून टाकीत जातं आणि आतून गंज धरतो, म्हणून पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच. मालवण-तारकर्लीच्या बाजूला जे राहतात त्यांनी स्कुबावाल्यांकडे विचारून बघावं, त्यांची हवा गाळलेली आणि कोरडी असते, योग्य जोडणी असेल तर त्या सिलिंडरवरून टाकी भरता येते. एक मात्र कळकळीने सांगतो, वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन कधीच भरायचा नाही, जरासं तेल आत असलं तरी दाबाखाली स्फोट होतो आणि तोंडाजवळ होतो.

आता माप. शर्ट घेताना आपण खांदा बघतो तसं रायफल घेताना चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर बघायचं. बघायची पद्धत अशी. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या खळगीत टेकवा आणि हात मुठीवर न्या. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात बसलं तर माप बरोबर, बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब, बोट चापाच्या बाहेर लोंबत असेल तर आखूड. मग दुसरी परीक्षा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, आणि डोळे उघडा. मान न हलवता मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायची खूण) एका रेषेत दिसली तर ही रायफल तुमच्या अंगाची आहे. मान ताणावी लागत असेल तर वजन कितीही कमी असो, मान अर्ध्या तासात दुखणार. तिसरं म्हणजे तोल, चापाच्या पुढे एक बोट ठेवून रायफल त्यावर तोलून बघा. हलक्या रायफलीचं वजन थोडं पुढे असेल तर ती स्थिर राहते, सगळं वजन मागे असेल तर नळी तरंगत राहते. माझं स्पष्ट मत आहे की मापात बसणारी साडेतीन किलोची रायफल मापात न बसणार्‍या अडीच किलोच्या रायफलीपेक्षा हाताला हलकी लागते. आणि ज्यांना वजन खरंच झेपत नाही, मुलं असोत, बारीक अंगाची माणसं असोत, त्यांनी आधी वाळूच्या पिशवीवर टेकवून शिकावं, त्यात कमीपणा काही नाही.

दुर्बीण लगेच घेऊ नका. एक तर ती चारपाचशे ग्रॅम वाढवते, म्हणजे हलक्या रायफलीचं हलकेपण तिथेच संपलं. दुसरं, स्प्रिंगचा पुढे बसणारा धक्का साध्या दुर्बिणीला सहन होत नाही, आतली काच ढिली होते, एअरगनसाठीच बनवलेली लागते. तिसरं, मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी लांबच्या अंतराला जुळवलेल्या असतात, १० मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की नेमही सरकतो, म्हणून जवळचं अंतर लावता येईल अशीच घ्यावी. पहिलं वर्षभर साध्या खाच-माशीवर शिकलात तर चाप हळू ओढायची सवय जास्त चांगली लागते. चाप दोन टप्प्यांचा मिळाला तर उत्तम, पहिला टप्पा सैल, मग जरा अडतो, आणि तिथून अलगद सुटतो.

घरी सरावाला पडवी लांब असेल तर काम झालं. दहा मीटर मोजा, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर येईल असं लावा. मात्र थेट चिर्‍याच्या भिंतीला टार्गेट चिकटवायचं नाही, छर्रा उलटून डोळ्यात येऊ शकतो. लाकडी खोक्यात वाळू किंवा जुने कपडे ठासून भरा, मागे पुन्हा फळी, आणि जो जवळ असेल त्या प्रत्येकाच्या डोळ्यावर चष्मा. कोणी पडवीत आलं की रायफल खाली, नळी उघडी. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

खरं शिकायचं असेल तर क्लब गाठा. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, याच बाईंनी २००४ ला क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारले होते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन. आणि सिंधुदुर्गातल्यांना घाट चढला की कोल्हापूर, नेमबाज तेजस्विनी सावंत तिथली, स्वप्नील कुसाळेही त्याच जिल्ह्यातला, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं पोराने. क्लबचा अजून एक फायदा आहे. पुढे पॉइंट टू-टूकडे जायचं तर शस्त्र कायद्यात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू-टूच्या लायसनची वेगळी तरतूद आहे. त्यासाठी वय साधारणपणे २१ पूर्ण लागतं, पोलीस चौकशी होते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एरवी एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका (क्लबच्या सदस्याच्या टार्गेट प्रॅक्टिसच्या पॉइंट टू-टूला ही मर्यादा नाही), लायसन पाच वर्षांचं. निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते हेही धरून चला. पॉइंट टू-टू घेताना मात्र आखूड नळी घ्यायला हरकत नाही, पॉइंट टू-टूची दारू १६ इंचाच्या आसपास जळून संपते, त्यापुढची नळी वेगात फारशी भर घालत नाही.

राहता राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लोखंडाचं काय होणार, आणि समुद्राजवळ असाल तर खारा वारा वर्षभर. प्रत्येक वेळी हाताळून झालं की नळीवर तेलाचा हलका फडका फिरवा, घामाचा हात लागला की दुसर्‍या दिवशी बोटांचे ठसे गंजात उमटलेले दिसतात. रायफल रेक्झिनच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, आत ओल धरते. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ती अधूनमधून तापवून कोरडी करा. दुर्बीण असेल तर तिच्यासाठी हवाबंद डबा, नाहीतर काचेत बुरशी शिरते. लाकडी दस्ता ओलीने फुगतो आणि स्क्रू ढिले पडतात, अचानक नेम भलतीकडे जायला लागला तर आधी स्क्रू तपासा, निम्म्या वेळेला तिथेच सापडतं. आणि साधं मशीनचं तेल स्प्रिंगच्या रायफलीत हवेच्या बाजूने सोडायचं नाही, दाबाने ते आत पेट घेतं, धूर आणि मोठा आवाज येतो, सील खराब होतं. छर्‍यांचा डबाही कोरड्या जागी, पांढरी पूड धरलेले छर्रे टाकून द्या. नवीन रायफल आणली की तीन-चार कंपन्यांचे छर्रे थोडे थोडे आणा, टेकवून प्रत्येकाचे पाच पाच मारा, ज्याची भोकं सगळ्यात जवळ जवळ पडली त्याचाच मोठा डबा घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना सुद्धा वेगवेगळा छर्रा आवडतो.